एक नाव, अनेक नौका : इयत्ता सहावी व सातवीसाठी एक पाठ



इतिहास व भूगोल शिकविताना आपण मुलांकडून पुष्कळ नावे पाठ करून घेतो. नाव बिनचूक आले म्हणजे उत्तर बरोबर, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु एकच नाव जेव्हा दोन-तीन निरनिराळ्या वस्तूंचे असते, तेव्हा नुसते नाव येऊन भागत नाही. आपल्या संरक्षणदलांतील युद्धनौका, हेलिकॉप्टरे व क्षेपणास्त्रे यांच्या बाबतीत हा प्रकार वारंवार आढळतो. त्यासंबंधीची माहिती व तिच्या आधारे घ्यावयाचा एक पाठ या लेखात दिला आहे. हा पाठ तयार करण्यास माझी स्वतःचीच एक चूक कारण झाली. ती प्रथम सांगणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी, मी विस्तार अधिकारी म्हणून नुकताच काम पाहू लागलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापासून पुष्कळ दूर असलेल्या एका गावच्या शाळेला मी भेट दिली. सातवीच्या वर्गात १९७१ च्या युद्धाचा भाग चालू होता. ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका त्या युद्धात बुडाली, असे मी मुलांना सांगितले. तोच मागच्या ओळीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “साहेब, माझे मामा खुकरीवर होते. ते दिवाळीला घरी यायचे.” मी म्हणालो, “बाळ, खुकरी १९७१ सालीच बुडाली. तुझे मामा तेव्हा जन्मले तरी होते का? ते दुसऱ्या एखाद्या जहाजावर असतील.” वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने वर पाहिले नाही.

ती आजोळी राहून शिकत होती. शाळा सुटल्यावर तिचे आजोबा आले. रागाचा एक शब्दही न काढता त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. पांढऱ्या गणवेशातील एक तरुण जहाजाच्या शिडीपाशी उभा होता. शिडीच्या फलकावर ‘खुकरी’ हे नाव स्पष्ट दिसत होते व फोटोच्या पाठीमागे शाईने १९९६ हे साल लिहिलेले होते. “साहेब, हा माझा थोरला. जहाज कोणते, ते तुम्हीच वाचा,” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या शाळेत पुन्हा गेलो आणि चूक माझी होती, मुलीची नव्हती, असे वर्गापुढे सांगितले. तेव्हा त्याच मुलीने विचारले, “बुडालेल्या जहाजाचे नाव परत कशाला ठेवले?” या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढील माहिती मी त्यानंतर मिळविली.

शिक्षकांसाठी माहिती

१. खुकरी. खुकरी म्हणजे गुरखा सैनिकांचा वाकड्या पात्याचा सुरा. या नावाची पहिली नौका ही इंग्लंडमध्ये बांधलेली फ्रिगेट, म्हणजे पाणबुड्यांचा शोध घेणारी मध्यम आकाराची युद्धनौका होती. ती १९५८ साली आपल्या नौदलात दाखल झाली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने पाणतीर सोडून ती बुडविली. तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ नौसैनिक यांना जलसमाधी मिळाली. नौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

दुसरी ‘खुकरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. ती कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान पण क्षेपणास्त्रे वाहणारी नौका होती. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती सेवेत आली आणि बत्तीस वर्षे काम करून २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली. त्यानंतर स्मारक म्हणून जतन करण्यासाठी ती दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यात आली. ज्या समुद्रात पहिली खुकरी गेली, त्याच समुद्राच्या काठी दुसरीला जागा मिळाली. त्या मुलीचे मामा या दुसऱ्या खुकरीवर होते.

२. विक्रांत. हे नाव मुलांच्या कानांवरून बहुधा गेलेले असते. पहिली ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने तिचे बांधकाम सुरू झाले होते. युद्ध संपल्यावर काम अर्धवट थांबले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली व काम पुरे करवून ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे तिला नौदलात सामील केले. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी बंगालच्या उपसागरातील चितगाव, कॉक्स बाजार इत्यादी ठिकाणांवर हल्ले चढविले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. अखेरीस २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात ती मोडीत काढण्यात आली.

दुसरी ‘विक्रांत’ कोचीच्या गोदीत बांधलेली असून २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. भारतात बांधली गेलेली ही पहिलीच विमानवाहू नौका होय. तिची लांबी २६२ मीटर आहे. पहिली सुमारे २१३ मीटर लांब होती. म्हणजे एका मुलाने “विक्रांत मोडीत काढली” असे लिहिले आणि दुसऱ्याने “विक्रांत सेवेत आहे” असे लिहिले, तर दोघांचेही उत्तर बरोबर असू शकते.

युद्धनौकेच्या बाजूवर अक्षर व अंक रंगविलेला असतो, त्यावरून ती ओळखावी असे कोणास वाटेल. दोन खुकरींच्या बाबतीत हे जमते. पहिलीचा क्रमांक ‘एफ १४९’ व दुसरीचा ‘पी ४९’ होता. परंतु दोन्ही विक्रांतांचा क्रमांक ‘आर ११’ हाच आहे. तेव्हा क्रमांकावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. साल ही खूण सर्वांत भरवशाची होय.

३. त्रिशूल. हे नाव दोन नौकांचे व एका क्षेपणास्त्राचे आहे. पहिली ‘त्रिशूल’ ही फ्रिगेट १९६० साली नौदलात आली. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, अंजदीव बेटावर उतरलेल्या नौसैनिकांच्या मोहिमेत ‘म्हैसूर’ या क्रूझरबरोबर ती होती. त्या बेटावर आपल्या सात नौसैनिकांना वीरमरण आले. दुसरी ‘त्रिशूल’ हीही फ्रिगेटच. ती रशियात बांधलेली असून २००३ साली दाखल झाली. या दोहोंच्या दरम्यान, १९८३ साली, भारताने पृथ्वी, अग्नी, आकाश, नाग व त्रिशूल अशा पाच क्षेपणास्त्रांची योजना हाती घेतली. जवळच्या पल्ल्यावर विमान पाडण्यासाठी योजलेल्या त्रिशूल क्षेपणास्त्राची योजना २००८ साली बंद करण्यात आली. म्हणून “त्रिशूल बंद पडले” हे वाक्य क्षेपणास्त्राविषयी खरे आहे, पण नौकेविषयी खोटे आहे. मराठीत नौका ‘ती’ व क्षेपणास्त्र ‘ते’. वाक्यातील क्रियापदाच्या लिंगावरूनही मुलांना हा भेद पकडता येईल.

४. ध्रुव. येथे वस्तूंचे प्रकारही अगदी भिन्न आहेत. तुर्भे येथील ‘ध्रुव’ ही अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली. ‘ध्रुव’ हे हेलिकॉप्टर बंगळूरच्या कारखान्यात तयार झाले व १९९२ साली त्याने पहिले उड्डाण केले. ‘ध्रुव’ हे नौदलाचे जहाज २०२१ साली दाखल झाले; क्षेपणास्त्रांच्या मार्गावर नजर ठेवणे हे त्याचे काम. तीन वस्तू, तीन ठिकाणे, आणि नाव मात्र उत्तरेच्या स्थिर ताऱ्याचे. ‘चेतक’ म्हटल्यावर इतिहासाच्या पुस्तकात राणा प्रतापांचा घोडा येतो, सैन्यात हेलिकॉप्टर येते आणि गावातील वडीलधाऱ्यांना पुण्याची स्कूटर आठवते, तसाच हा प्रकार आहे.

५. डोंगरावरचे ‘जहाज’. नौदलाच्या नावांत आणखी एक गंमत आहे. आपल्या नौदलात जमिनीवरील तळांना व प्रशिक्षण संस्थांनाही जहाजाप्रमाणेच नाव देतात व त्यामागे ‘आय.एन.एस.’ ही अक्षरे लावतात. ‘आय.एन.एस. शिवाजी’ हे जहाज नसून लोणावळ्याच्या डोंगरात असलेली नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. ‘आय.एन.एस. हंसा’ हा गोव्यात दाभोळी येथील नौदलाचा विमानतळ आहे. ‘तलवार’ या नावाचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नाविकांचा उठाव ज्या ‘तलवार’वर सुरू झाला, ती समुद्रातील नौका नव्हती. ती संदेशवहन शिकविणारी, किनाऱ्यावरील संस्था होती. १९७१ साली कराचीवरील मोहिमेत भाग घेणारी ‘तलवार’ ही मात्र खरीखुरी फ्रिगेट होती आणि २००३ साली आलेली ‘तलवार’ त्या नावाची दुसरी फ्रिगेट होय. नाविकांच्या उठावाचे चित्र काढताना भर समुद्रातील जहाजावर ‘तलवार’ हे नाव मुलाने घातले, तर त्याला न हसता हा भेद समजावून द्यावा.

६. नाव पुन्हा का ठेवतात? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांतच आहे. आजोबा वारले म्हणजे पुढे जन्मलेल्या नातवास त्यांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. “घराण्यात नाव चालू राहिले पाहिजे,” असे म्हातारी माणसे म्हणतात. नातू म्हणजे आजोबा नव्हेत, हे घरात सर्वांस ठाऊक असते. तरी नातवाला हाक मारताना आजोबांची आठवण निघते. नौदलातही अशीच चाल आहे. निवृत्त झालेल्या किंवा युद्धात कामी आलेल्या नौकेचे नाव काही वर्षांनी नव्या नौकेस देतात, आणि त्या नावाबरोबर पूर्वीच्या खलाशांची स्मृती नव्यांकडे येते. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव असलेली एक नौका १९७२ साली नौदलात आली होती. तेच नाव १८ जून २०२५ रोजी दुसऱ्या नौकेस मिळाले.

ही चाल केवळ आपलीच नव्हे. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडाली. पुढे त्या देशाने पोर्तुगालकडून घेतलेल्या एका पाणबुडीस तेच नाव दिले. त्याच युद्धात अमेरिकेने बंगालच्या उपसागराकडे पाठविलेली ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका होती. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात लढलेली ‘एंटरप्राइझ’ ती नव्हे; तीही विमानवाहू नौकाच होती, पण ती त्यापूर्वीच मोडीत निघाली होती.

पाठाची मांडणी

उद्दिष्ट : एकाच नावाच्या अनेक वस्तू असू शकतात हे मुलांस समजावे, आणि नाव ऐकताच ‘कोणती? कोणत्या प्रकारची? केव्हाची?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांस लागावी.

साहित्य : फळा, खडू, भारताचा नकाशा, शाळेचा हजेरीपट. यापेक्षा अधिक साहित्याची आवश्यकता नाही.

प्रस्तावना : फळ्यावर ‘नाव’ हा एकच शब्द लिहावा व अर्थ विचारावा. काही मुले स्वतःचे नाव सांगतील. एखादा मुलगा नदीतील नाव सांगेल. ‘ते नाव’ व ‘ती नाव’ असे दोन्ही लिहून घ्यावे. शब्द एक असून वस्तू दोन आहेत, हे मुलांच्याच तोंडून यावे. नंतर हजेरीपटावरील एकाच नावाची दोन मुले उभी करून, “यांना आपण वेगळे कसे ओळखतो?” असे विचारावे. “वडिलांच्या नावावरून,” हे उत्तर सहज मिळेल.

हेतुकथन : “माणसांप्रमाणे युद्धनौकांची व शस्त्रांचीही नावे सारखी असतात. ती वेगळी कशी ओळखावी, हे आज आपण पाहू.”

विषयविवेचन : वर दिलेल्या उदाहरणांपैकी तीनच निवडावीत, सर्व एका तासात सांगू नयेत. खुकरी, विक्रांत व त्रिशूल पुरेशी आहेत. नकाशात दीव, मुंबई, कोची, विशाखापट्टणम व अंजदीव ही ठिकाणे मुलांकडून दाखवून घ्यावीत. खुकरीची हकीकत सांगताना आवाज संथ ठेवावा आणि १९४ माणसे गेली, हा आकडा फळ्यावर लिहावा.

संकलन : फळ्यावर पुढील नोंदी मुलांच्या साहाय्याने भराव्यात.

खुकरी — फ्रिगेट — १९५८ ते १९७१ — दीवजवळ बुडाली.
खुकरी — कॉर्व्हेट — १९८९ ते २०२१ — निवृत्त, स्मारकासाठी दीवला.
विक्रांत — विमानवाहू नौका — १९६१ ते १९९७ — २०१४ साली मोडीत.
विक्रांत — विमानवाहू नौका — २०२२ पासून — सेवेत.
त्रिशूल — फ्रिगेट — १९६० साली दाखल — गोवामुक्तीत सहभाग.
त्रिशूल — क्षेपणास्त्र — योजना १९८३ ते २००८ — बंद.
त्रिशूल — फ्रिगेट — २००३ पासून — सेवेत.

उपयोजन : हीच पद्धत गावांच्या नावांस लावून दाखवावी. पुणे जिल्ह्यातील शिरूर, बीड जिल्ह्यातील शिरूर कासार व लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ ही तीन निरनिराळी गावे आहेत. पाकिटावर नुसते ‘शिरूर’ लिहिले तर पत्र कोठे जाईल, असे विचारावे. आपल्या तालुक्यातील वडगाव, पिंपळगाव यांसारख्या एकाच नावाच्या गावांची यादी मुलांनी करावी व लोक ती वेगळी कशी ओळखतात, ते लिहावे.

स्वाध्याय : (१) घरातील कोणाचे नाव कोणावरून ठेवले आहे, ते घरी विचारून पाच ओळी लिहा. (२) “विक्रांत मुंबईत मोडीत काढली” हे वाक्य वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही असे पुन्हा लिहा. (३) गावात सैन्यातून किंवा नौदलातून निवृत्त झालेले कोणी असल्यास, ते कोणत्या तुकडीत किंवा नौकेवर व कोणत्या साली होते, हे त्यांना विचारून या.

शिक्षकांस दोन सूचना

पहिली सूचना प्रश्नपत्रिकेविषयी. “विक्रांत नौदलात केव्हा दाखल झाली?” असा प्रश्न विचारू नये. १९६१ लिहिणारा मुलगा व २०२२ लिहिणारा मुलगा या दोघांनाही गुण द्यावे लागतील, कारण दोष उत्तरात नसून प्रश्नात आहे. “भारताची पहिली विमानवाहू नौका विक्रांत केव्हा दाखल झाली?” असे विचारले म्हणजे संदिग्धता राहत नाही. इतर विषयांच्या प्रश्नांतही हीच दक्षता घ्यावी.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची वाटते. मुलाचे विधान आपल्या माहितीशी जुळले नाही, तर “चूक” म्हणण्यापूर्वी “कोणती? केव्हाची?” असे शांतपणे विचारावे. पुष्कळदा मूल एका वस्तूविषयी बोलत असते आणि आपण दुसरीविषयी. घरून आलेली खरी माहिती वर्गात खोटी ठरली, तर ते मूल पुढच्या खेपेस काही सांगणार नाही. दोन नौका एकच समजण्याचा दुसराही तोटा आहे. बुडालेल्या खुकरीवरील १९४ माणसांचे स्मरण पुसट होते आणि नंतरच्या खुकरीवर बत्तीस वर्षे राबलेल्यांची सेवाही हिशेबात येत नाही.

त्या शाळेत मी त्यानंतर आणखी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेस वर्गाच्या भिंतीवर मुलांनी केलेला एक कागदी तक्ता लावलेला होता. त्यात दोन्ही खुकरींची नावे एकाखाली एक लिहून समोर साले घातली होती आणि दुसरीच्या पुढे कंसात त्या मुलीच्या अक्षरात ‘माझे मामा’ असे होते. आपापल्या शाळांत हा पाठ घेतल्यावर मुलांनी विचारलेले प्रश्न व पाठात आढळलेल्या उणिवा शिक्षकांनी केंद्राच्या मासिक सभेत मांडाव्यात, अशी विनंती आहे.